गर्भिणी विषबाधा

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर, पूर्वी रक्तदाब प्राकृत असलेल्या स्त्रीचा रक्तदाब वाढून मूत्रातून प्रथिन जाऊ लागणे अथवा वृक्क (मूत्रपिंड), यकृत, मेंदू, फुप्फुसे व रक्तक्लथन (रक्त गोठण्याची क्रिया) यांच्या कार्यात बिघाड होणे, या विकृतीस गर्भिणी विषबाधा म्हणतात. तिच्या दोन अवस्था मानतात : झटके (आक्षेप) येण्यापूर्वीची ती ‘पूर्वगर्भाक्षेपक’ आणि झटके येऊन बेशुद्धी आल्यानंतरची ती ‘गर्भाक्षेपक’. जगभरच्या गर्भारपणांपैकी सु. २ ते ८ टक्क्यांत ही विकृती आढळते. गर्भारपणातील रक्तदाबवाढीचे सर्व प्रकार एकत्र धरल्यास, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३–०९ या कालखंडाविषयीच्या अभ्यासानुसार एकूण मातामृत्यूंपैकी सु. १४ टक्के मृत्यू त्यांमुळे झाले होते. रक्तस्रावाच्या खालोखाल हेच कारण येते.

गर्भ राहण्यापूर्वीपासूनच असलेला रक्तदाबविकार आणि गर्भारपणात केवळ रक्तदाब वाढणे, पण प्रथिन वा इतर अवयवांचा बिघाड नसणे, हे दोन प्रकार या विकृतीपासून वेगळे मानतात. मात्र दोन्हींची परिणती तिच्यात होऊ शकते.

इतिहास : गर्भिणीस येणाऱ्या झटक्यांचे वर्णन प्राचीन काळापासून आढळते. पाश्चात्त्य वैद्यकात रूढ असलेले ‘एक्लॅम्पसिया’ हे नाव वीज चमकावी तसे एकाएकी येणारे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. लोकांच्या दृष्टीने रोगाची सुरुवात झटक्यांपासून होत होती आणि कित्येक ठिकाणी अजूनही तसेच समजले जाते. वस्तुतः झटका ही या रोगाची अखेरची पायरी असून तीपूर्वी दिवसेंदिवस, क्वचित आठवडेच्या आठवडे, विकृती मुकाट्याने वाढत असते. हे उमगण्यास मदत करणारे पहिले निरीक्षण लंडनच्या गाय रुग्णालयातील जॉन लीव्हर यांचे होय. झटके येणाऱ्या गर्भिणींच्या मूत्रात श्वेतक (अल्ब्युमीन) असते, असे त्यांनी १८४३ मध्ये दाखविले. त्यामुळे हा रोग अपस्मारापासून वेगळा करता येऊ लागला. रीव्हा-रॉची यांनी १८९६ मध्ये तयार केलेले रक्तदाबमापक व कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये वर्णन केलेली, श्रवणनलिकेच्या साहाय्याने रक्तदाब मोजण्याची पद्धत यांमुळे झटक्यांपूर्वी रक्तदाब वाढलेला असतो, हेही स्पष्ट झाले. गर्भिणींच्या नियमित तपासणीच्या कल्पनेला या दोन साध्या मापनांमुळेच खरा अर्थ प्राप्त झाला. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने १९२९ मध्ये सुचविलेल्या वेळापत्रकात तपासण्या २८ व्या आठवड्यापासून पंधरवड्याने व ३६ व्या आठवड्यापासून दर आठवड्यास ठेवल्या होत्या. गर्भारपणाच्या अखेरीस तपासण्या अशा दाट होत जाण्यामागे हा रोग वेळीच हेरणे हा मोठा हेतू होता.

‘विषबाधा’ हे नाव एकोणिसाव्या शतकातील समजुतीचा अवशेष आहे. गर्भ किंवा अपरा (वार) यांतून काही विष मातेच्या रक्तात शिरत असावे, असे त्या काळी मानीत. पुष्कळ शोध घेऊनही ते विष हाती लागले नाही आणि कारणांविषयीच्या उपपत्ती मात्र इतक्या साचल्या की, जर्मन प्रसूतितज्ज्ञ पॉल त्स्वाइफेल यांनी याला ‘उपपत्तींचा रोग’ म्हटले. पुढे पाश्चात्त्य ग्रंथांतून हे नाव मागे पडले. मराठीत ते टिकून आहे. अलीकडील संशोधन पाहता जुने वैद्य अगदीच चुकले होते, असे मात्र म्हणता येत नाही.

कारणे व संप्राप्ती : रोगाचे मूळ अपरेत आहे. द्राक्षगर्भ या विकृतीत अपरेच्या जागी द्राक्षांच्या घडासारखी फोडांची रास वाढते आणि पुष्कळदा गर्भ मुळीच नसतो; तरीही तीत गर्भिणी विषबाधा होते व तीही विसाव्या आठवड्यापूर्वी. उलट, अपरा गर्भाशयातून निघाल्यावर विकृती ओसरू लागते.

प्राकृत गर्भारपणात पहिल्या चार-पाच महिन्यांत अपरेच्या कोशिका गर्भाशयभित्तीतील मळसूत्री रोहिण्यांत खोलवर शिरतात. तेथील स्नायुथर नाहीसा करून त्या या रोहिण्यांना रुंद व सैल करतात. अरुंद नळीचा जणू पाट होतो आणि मातेचे रक्त संथपणे व भरपूर अपरेकडे वाहू लागते. गर्भिणी विषबाधेत कोशिकांचा हा प्रवेश उथळ राहतो. रोहिण्या अरुंदच राहतात, अपरेस रक्त व ऑक्सिजन अपुरा पडतो आणि ती काही प्रथिने मातेच्या रक्तात प्रमाणाबाहेर सोडू लागते. त्यांपैकी ‘एसएफएलटी-१’ या प्रथिनाचे कार्य आनंद करुमंची व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००३ मध्ये उजेडात आणले. रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर निरोगी राखणारे वृद्धिकारक घटक हे प्रथिन बांधून ठेवते व निरुपयोगी करते. त्यामुळे सर्व शरीरातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर दुखावतो. वाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो, त्यांच्या भित्तींतून द्रव झिरपून सूज येते, वृक्काच्या गाळणीतून प्रथिन निसटते आणि ठिकठिकाणी बिंबाणू चिकटून त्यांची रक्तातील संख्या घटते. अपरेच्या कोशिकांचा प्रवेश मुळात उथळ का राहतो, याचे पूर्ण उत्तर मिळालेले नाही. मातेच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने अपरेतील पितृवंशीय अंशाशी पुरते जुळवून न घेणे, हे एक कारण मानले जाते.

पहिलटकरणींत या रोगाचे प्रमाण बरेच जास्त असते. फार लहान वय किंवा चाळिशी उलटलेली असणे, जुळे, स्थूलता, मधुमेह, जुना रक्तदाबविकार, वृक्करोग, काही आत्मप्रतिकार रोग, पूर्वीच्या गर्भारपणात हाच विकार झालेला असणे आणि आई वा बहिणीस तो झालेला असणे, यांमुळेही संभव वाढतो. तथापि यांपैकी काहीही नसलेल्या निरोगी तरुणीतही तो होतो, म्हणून तपासणीतून कोणासही वगळता येत नाही.

लक्षणे व निदान : सुरुवातीस रुग्णास काहीही त्रास होत नाही. वाढता रक्तदाब जाणवत नाही व मूत्रातील प्रथिन दिसत नाही. विसाव्या आठवड्यानंतर निदान चार तासांच्या अंतराने दोनदा मोजलेला रक्तदाब १४०/९० मिमी. (पाऱ्याच्या) किंवा अधिक भरल्यास तो विकृत मानतात, १६०/११० मिमी. वा अधिक भरल्यास रोग तीव्र समजतात. चोवीस तासांच्या मूत्रात ३०० मिग्रॅ. वा अधिक प्रथिन असणे हा दुसरा निकष आहे. पूर्वी परीक्षानळीत मूत्र तापवून व त्यात सौम्य ॲसिटिक अम्लाचे थेंब टाकून येणारा गढूळपणा पाहत. आता मूत्रात बुडविलेल्या रासायनिक पट्टीचा बदललेला रंग पाहून हे काम उपकेंद्रातही क्षणात होते. प्रथिन नसतानाही बिंबाणूंची संख्या घनमिलिमीटरमागे एक लाखाहून कमी होणे, रक्तातील क्रिएटिनीन वा यकृत-एंझाइमे वाढणे, फुप्फुसांत द्रव साचणे अथवा मेंदूची लक्षणे दिसणे यांपैकी काही आढळल्यास निदान निश्चित करतात.

पावलांवर संध्याकाळी येणारी सूज पुष्कळशा निरोगी गर्भिणींतही दिसते. म्हणून सूज हा निकष आता वगळला आहे. परंतु सकाळी उठल्यावर चेहरा व पापण्या सुजलेल्या असणे, अंगठी वा बांगड्या एकाएकी घट्ट होणे किंवा आठवडाभरात वजन भराभर वाढणे यांकडे दुर्लक्ष करू नये. रोग तीव्र झाल्यावर सतत व न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे वा अंधारी येणे, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे, ओकाऱ्या व मूत्र कमी होणे ही लक्षणे दिसतात. त्यांतील पोटदुखी व ओकारी यांवर ‘पित्त झाले’ म्हणून घरगुती उपाय होतात आणि मोलाचे तास निघून जातात. यकृतावरील आवरण ताणले गेल्याने ही पोटदुखी होते व झटके जवळ आल्याची ती खूण असू शकते.

महाराष्ट्रातील काही रीती व परिस्थिती लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात, म्हणजे नेमका हा रोग प्रकट होण्याच्या काळात, गाव बदलते. पूर्वीच्या तपासण्यांची नोंद सासरीच राहिल्यास नव्या ठिकाणी मोजलेला १३०/८६ हा रक्तदाब प्राकृत वाटतो; तीन महिन्यांपूर्वी तो १००/६० होता, हे कोणास कळत नाही. म्हणून माता व बाल संरक्षण कार्ड तिच्याबरोबरच जाणे आवश्यक असते. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून स्थलांतर करणाऱ्या गर्भिणींच्या तपासणीत असाच खंड पडतो व तो भरून काढणे अधिक अवघड असते.

गर्भाक्षेपक : निम्म्याच्या आसपास रुग्णांत झटके प्रसूतिवेदना सुरू होण्यापूर्वी येतात, उरलेल्यांत प्रसूतीच्या वेळी अथवा प्रसूतीनंतर, बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. प्रसूती सुखरूप झाली म्हणजे धोका टळला, असे त्यामुळे समजता येत नाही. झटक्याच्या आरंभी चेहऱ्याचे स्नायू फुरफुरतात व नजर एका जागी खिळते. नंतर सर्व शरीर ताठ होऊन दातखीळ बसते, श्वास थांबतो व चेहरा काळानिळा पडतो. अर्ध्या मिनिटाने स्नायूंचे जोरदार आळीपाळीने आकुंचन सुरू होते. जीभ चावली जाते, तोंडास फेस येतो. एक ते चार मिनिटांनंतर झटका थांबतो व बेशुद्धी येते. उपचार न झाल्यास झटके पुनःपुन्हा येतात आणि मधल्या काळात शुद्ध येत नाही. हे दृश्य भीतिदायक असल्याने त्याचा संबंध बाहेरची बाधा वा फेफरे यांच्याशी जोडला गेला, यात नवल नाही. मात्र विसाव्या आठवड्यानंतर किंवा बाळंतपणात प्रथमच आलेला झटका अन्य कारण सिद्ध होईपर्यंत गर्भाक्षेपकाचाच समजावा, असा नियम आहे.

मातेवरील परिणाम : मृत्यूचे प्रमुख कारण मेंदूतील रक्तस्राव हे असते. त्याशिवाय फुप्फुसशोफ, वृक्कनिष्फलता व दृष्टी तात्पुरती जाणे हे उपद्रव होतात. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ लुइस वाइनस्टीन यांनी १९८२ मध्ये ‘हेल्प’ या नावाने वर्णन केलेल्या लक्षणसमूहात तांबड्या कोशिका फुटतात, यकृत-एंझाइमे वाढतात व बिंबाणू घटतात. त्यात यकृतावरणाखाली रक्त साचून क्वचित यकृत फुटते. अपरा वेळेपूर्वी गर्भाशयभित्तीपासून सुटल्यास तीव्र रक्तस्राव होतो आणि रक्तातील क्लथनकारक घटक संपून तो थांबविणे कठीण जाते.

गर्भावरील परिणाम : अपरेचा रक्तपुरवठा अपुरा असल्याने गर्भाची वाढ खुंटते आणि त्याभोवतालचे उल्बजल कमी होते. रोग लवकर, विशेषतः ३४ व्या आठवड्यापूर्वी, सुरू झाल्यास ही खुंटणी अधिक असते. अपरा सुटल्यास किंवा झटक्याच्या वेळी मातेच्या रक्तातील ऑक्सिजन घटल्यास गर्भ गर्भाशयातच दगावू शकतो. जिवंत जन्मणाऱ्यांपैकी अनेक शिशूंना मातेच्या रक्षणासाठी वेळेपूर्वीच जन्मास आणावे लागते. अपक्व फुप्फुसांमुळे श्वसनास होणारा त्रास, मेंदूतील रक्तस्राव, जंतुसंसर्ग व तापमान टिकविता न येणे ही संकटे त्यांच्यापुढे असतात.

चिकित्सा : रोगाचा खरा उपाय एकच, तो म्हणजे प्रसूती. येथेच या रोगातील मूळ पेच आहे. थांबावे तर मातेस धोका, घाई करावी तर अपक्व बालकास. सौम्य विकृतीत रक्तदाब, रक्त व गर्भाची वाढ यांवर लक्ष ठेवून ३७ आठवडे पूर्ण होताच प्रसूती घडवून आणतात. तीव्र विकृतीत ३४ आठवड्यांपुढे थांबत नाहीत. त्यापूर्वी थांबणे केवळ अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयात आणि माता स्थिर असेपर्यंतच योग्य ठरते. झटका येऊन गेला असल्यास गर्भाचे वय कितीही असो, मातेची प्रकृती स्थिर होताच प्रसूती करतात. शस्त्रक्रिया प्रत्येक वेळी लागतेच असे नाही. लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगामुळे हा पेच काहीसा सैल झाला : प्रसूतीपूर्वी मातेस बीटामेथासोन दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. त्यासाठी लागणारे ४८ तास मिळविणे हे पुष्कळदा चिकित्सेचे उद्दिष्ट असते.

तीव्र रक्तदाब उतरविण्यासाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपीन किंवा हायड्रॅलझीन वापरतात. दीर्घकाळ देण्यासाठी मेथिलडोपा हे जुने व सुरक्षित औषध आहे. शिरेतून औषध देण्याची सोय नसलेल्या ठिकाणी तोंडाने घ्यायच्या गोळ्या कितपत पुरतात, याची पाहणी नागपूरमधील दोन सार्वजनिक रुग्णालयांत करण्यात आली (निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध). अतितीव्र रक्तदाब असलेल्या ८९४ गर्भिणींपैकी निफेडिपीन घेतलेल्या ८४, लॅबेटॅलॉल घेतलेल्या ७७ व मेथिलडोपा घेतलेल्या ७६ टक्के स्त्रियांचा रक्तदाब सहा तासांत अन्य दुष्परिणामाविना नियंत्रणात आला. लहान केंद्रांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. एनालाप्रिलसारखी औषधे गर्भाच्या वृक्कांस अपाय करीत असल्याने वर्ज्य आहेत. मीठ तोडणे, मूत्रल औषधे व दीर्घकाळ अंथरुणास खिळवून ठेवणे हे एकेकाळचे मुख्य उपाय होते. त्यांचा उपयोग होत नाही, असे दिसून आल्याने ते मागे पडले आहेत.

झटक्यांवरील उपचारांत फार मोठे बदल झाले. एकोणिसाव्या शतकात रक्त काढणे व बळाने प्रसूती उरकणे यांमुळेच अनेक स्त्रिया दगावत. रशियातील स्त्रोगानॉव्ह यांनी १९०० च्या सुमारास अंधाऱ्या व शांत खोलीत मॉर्फीन व क्लोरल देऊन रुग्णास निजवून ठेवण्याची पद्धत रूढ केली. मद्रास येथील कृष्ण मेनन यांनी पेथिडीन, क्लोरप्रोमाझीन व प्रोमेथाझीन यांच्या मिश्रणाची पद्धत १९६१ मध्ये मांडली. भारतात ती अनेक वर्षे प्रचारात होती. दरम्यान अमेरिकेत डॅलस येथे प्रिचर्ड यांनी १९५५ पासून मॅग्नेशियम सल्फेटचा पुरस्कार चालविला होता. हे साधे व स्वस्त लवण श्रेष्ठ आहे की नाही, हा वाद १९९५ मध्ये संपला. भारतासह अनेक देशांतील सु. १,७०० रुग्णांवर केलेल्या तुलनेत डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी व फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्क्यांनी त्याने झटक्यांची पुनरावृत्ती कमी केली. पुढे २००२ मध्ये ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांच्या पाहणीत, पूर्वगर्भाक्षेपकाच्या अवस्थेत ते दिल्यास झटक्यांचा संभव निम्म्याहून कमी होतो, असे आढळले.

प्रिचर्ड पद्धतीत प्रथम ४ ग्रॅ. शिरेतून सावकाश व ५ ग्रॅ. प्रत्येक नितंबात खोल टोचून देतात. नंतर शेवटच्या झटक्यापासून वा प्रसूतीपासून, यांपैकी जे उशिरा घडले असेल त्यापासून, २४ तासांपर्यंत दर चार तासांनी ५ ग्रॅ. देतात. प्रत्येक मात्रेपूर्वी गुडघ्याची प्रतिक्षेपी क्रिया शाबूत आहे, श्वसन मिनिटास सोळाहून कमी नाही व मूत्र पुरेसे होत आहे, याची खात्री करतात. कारण मात्रा जास्त झाल्यास प्रथम ही प्रतिक्षेपी क्रिया नाहीशी होते व नंतर श्वसन बंद पडते. अशा वेळी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देतात. मूळ मात्रा अमेरिकन स्त्रियांच्या देहमानास अनुसरून ठरलेली असल्याने कमी वजनाच्या स्त्रियांसाठी कमी मात्रेच्या पद्धती पुढे आल्या. त्यांत ढाका येथील आणि सोलापूर येथे सुमन सरदेसाई व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत यांचा उल्लेख करता येईल.

झटका आला असता रुग्णास डाव्या कुशीवर वळवून तोंडातील लाळ व फेस बाहेर येऊ द्यावा आणि ती पडणार नाही, अशी काळजी घ्यावी. दातांमध्ये चमचा वा बोटे घालू नयेत, पाणी पाजू नये. भारतात प्रशिक्षित परिचारिका प्रसाविकेस (ए. एन. एम.) मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, दोन्ही नितंबांत मिळून १० ग्रॅ., उपकेंद्रातच देऊन मग रुग्णास मोठ्या रुग्णालयात धाडण्याची मुभा आहे. वाटेत पुन्हा झटका येण्याचा संभव त्यामुळे बराच घटतो. प्रसूतीनंतर रक्तस्राव रोखण्यासाठी एरवी वापरण्यात येणारे मेथिल एर्गोमेट्रीन या रुग्णांस देत नाहीत, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो, ऑक्सिटोसीन देतात.

प्रतिबंध : धोका अधिक असलेल्या गर्भिणींना अल्प मात्रेतील ॲस्पिरीन सोळाव्या आठवड्यापूर्वी सुरू केल्यास लाभ होतो. युरोपात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज १५० मिग्रॅ. ॲस्पिरीन घेणाऱ्यांत ३७ आठवड्यांपूर्वी होणाऱ्या विकृतीचे प्रमाण १·६ टक्के, तर न घेणाऱ्यांत ४·३ टक्के होते. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या समाजांत ते गोळ्यांच्या रूपाने दिल्यानेही रोगाचे प्रमाण घटते. भारतातील शासकीय कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन वेळा ५०० मिग्रॅ. कॅल्शियम देतात, लोहाची गोळी त्याच वेळी घेतल्यास तिचे शोषण कमी होते, म्हणून दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवतात. दूध, नाचणी व तीळ हे कॅल्शियमचे चांगले पुरवठादार आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय केंद्रांत डॉक्टरांकडून गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते. महिन्यातून एकदा होणारी ही तपासणी अखेरच्या दोन महिन्यांत मात्र पुरेशी नसते.

उत्तरपरिणाम : प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तदाब पुन्हा चढू शकतो आणि पुष्कळदा तोवर रुग्ण घरी गेलेली असते, यासाठी त्या आठवड्यात तो पुन्हा मोजतात. बहुतेकींत तो बारा आठवड्यांच्या आत प्राकृत होतो. सु. सहांपैकी एकीस पुढील गर्भारपणात हा विकार पुन्हा होतो. उत्तरायुष्यात या स्त्रियांना कायमचा रक्तदाबविकार होण्याचा संभव इतरांपेक्षा तिपटीहून अधिक आणि हृद्‌रोग व पक्षाघात यांचा सु. दुप्पट असतो, म्हणून त्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब तपासून घेणे इष्ट असते. अशा गर्भारपणातून जन्मलेल्या मुलांचा रक्तदाबही बालपणी व तरुणपणी इतरांहून किंचित जास्त आढळतो.